झीज आणि वळण

रविवार, फेब्रुवारीचा शेवटचा. दुपारचे साडेतीन. स्थळ : सांगली, मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीतलं मलाप्पाअण्णांचं घर. हजर : मलाप्पाअण्णा, वय ब्याऐंशी, आयुष्यभर छापखान्यात शिशाच्या सुट्या अक्षरांचे खिळे जुळवलेले, त्यांची सून शैला, साताऱ्याहून आलेले सुभेदार निकम, निवृत्त, त्यांच्या पत्नी हौसाकाकू, आणि मी. माझा धंदा साताऱ्यात, पोवई नाक्याजवळच्या दोन खोल्यांत, संगणकावर पुस्तकांची पानं लावून देण्याचा. गैरहजर : कोणी नाही. चहा : दोनदा.

कुठल्याही कामाची नोंद मी अशीच सुरू करते. नावं, वेळ, मग कामांची यादी, झालेल्या कामापुढे बरोबरची खूण. आजही तसंच लिहायला घेतलं होतं, पण खिडकीतून हळदीचा वास आला आणि पेन थांबलं. या दिवसांत सांगलीत हा वास चुकवता येत नाही. सौद्याला आलेली पोती फोडतात, हळकुंडांचे ढीग लागतात, आणि त्यांचा पिवळा धुरळा गाड्यांच्या सीटवर, तारांवर, दुकानांच्या पाट्यांवर बसतो. वास गोड नसतो. थोडा मातीचा, थोडा लाकडाचा, घशात उतरला की कडसर. रुमालात बसून तो साताऱ्यापर्यंत येतो. गेल्या वर्षी याच दिवसांत मी या गल्लीत पहिल्यांदा आले तेव्हा परतीच्या बसमध्ये शेजारची बाई म्हणाली होती, "हळदीच्या घरनं आलाय वाटतं?" मला वाटलं लग्नघर म्हणतेय. पर्समध्ये तेव्हा खरोखरच एक लग्नपत्रिका होती, बावन्न वर्षांपूर्वीची.

ती पत्रिका सुभेदारांची. गेल्या वर्षीच्या जानेवारीत ते माझ्या दुकानात आले, ताठ, हातात रेक्झिनची पिशवी. पिशवीत निळ्या शाईने भरलेल्या तीन वह्या होत्या. मी नेहमीचे प्रश्न विचारले : पानं साधारण किती, प्रती किती, प्रकाशन कधी, पाहुणे कोण.

"पाव्हणं कुणी न्हाई," सुभेदार म्हणाले. "वाचणारा मी, ऐकणारी घरची. दोन पाच प्रती काढा. फकस्त मला वाचता आलं पायजे, मॅडम. तेवढीच ऑर्डर."

मग हळूहळू बाकीचं कळलं. चोवीस वर्षं ते सैन्यात होते. हौसाकाकूंना अक्षरओळख नव्हती. सुभेदारांची पत्रं गावात यायची ती आधी पोस्टमन वाचायचा, मग शाळामास्तर, कधी मास्तरांची बायको. आपण लिहिलेलं तिसऱ्याच्या तोंडून जाणार हे माहीत असल्यामुळे सुभेदार पत्रात काय लिहायचे? थंडी बरी आहे. बैलाची काळजी घ्या. निवृत्तीनंतर समोरासमोर बोलायला तीस वर्षं मिळाली, पण तोवर बोलण्याची सवय राहिली नव्हती. म्हणून त्यांनी पत्रात न लिहिलेलं सगळं या वह्यांत लिहिलं. ते त्यांना स्वतःच्या तोंडाने काकूंना वाचून दाखवायचं होतं. आणि मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोळ्यांच्या मधोमधची नजर कमी होत चालली आहे. कडेचं दिसत राहील. वाचता येण्याचे दिवस, जपलं तर, वर्ष दीड वर्ष. स्वतःचं निळं अक्षर तर त्यांना तेव्हाच वाचता येत नव्हतं.

"मुलगा वाचून दाखवेल की," मी म्हटलं. व्यवहाराचं बोलायची मला घाई असते.

"त्यो बी तिसराच की वो," सुभेदार म्हणाले.

त्या वह्या मी वाचल्या. टाइप करायच्या तर वाचाव्याच लागतात. काकू मला नंतर एकदा रोखून बघत म्हणाल्याही, "तुमी तर समदं वाचलंसा न्हवं?" मी हो म्हटलं. वाचलेलं विसरायची सवय या धंद्यात लागते, एवढंच सांगितलं. ते त्यांना पटलेलं दिसलं नाही.

पहिला उपाय सगळे करतात तोच मी केला. अक्षर मोठं केलं. सुभेदारांनी पान तोंडाजवळ धरलं, लांब धरलं, मान वाकडी केली. मोठ्या अक्षरामुळे ओळीत तीनच शब्द बसत होते. प्रत्येक ओळीच्या शेवटी नजर परत फिरली की पुढची ओळ हरवायची. "आणि ह्यो भ नि म," ते वैतागून म्हणाले, "ह्यो घ नि ध. जुळ्या भावांगत हैत. एकाला हाक मारावी तर दुसराच ओ देतोय." मी अक्षर जाड केलं. ते आणखी बिघडलं. नऊ नमुने झाले. माझ्या यादीत 'अक्षर ठरवणे' याच्यापुढे नऊ तारखा आणि एकही खूण नाही.

दहाव्या खेपेला त्यांनी पिशवीतून पत्रिका काढली. गुलाबी कागद विटून राखेच्या रंगाचा झालेला. हात लांब करून त्यांनी ती घडाघडा वाचली, 'आमचे येथे श्रीकृपेकरून' पासून 'आप्तेष्ट मंडळी' पर्यंत.

"पाठ असेल," मी म्हटलं.

"लगीन एकदाच झालंय, मॅडम. पाठ कशाला करू?"

मी तिचा तळ बघितला. बारीक अक्षरात छापखान्याचं नाव, आणि सांगली.

आपल्या धंद्यात आपण जुन्याकडे कधी बघतो? पाटी करायची असेल तेव्हा. हायवेला 'अस्सल जुनी चव' लिहिलेली हॉटेलं वाढली आहेत. त्यांच्या पाट्यांवरची अक्षरं मुद्दाम फाटकी केलेली असतात, कडा कुरतडलेल्या, मधेच शाई न लागल्यासारखे पांढरे ठिपके. संगणकावर ते दोन मिनिटांचं काम आहे. मी स्वतः अशा पाट्या करून दिल्या आहेत. त्यामुळे पत्रिका हातात आली तेव्हा मी तेच केलं, फक्त जास्त मेहनतीने. खुल्या परवान्याचा एक फाँट घेतला, पत्रिका स्कॅन करून पडद्यावर हातभर मोठी केली, आणि एकेक अक्षर तिच्यासारखं बदलत गेले. ळ जाड, दोन्ही डोळे जवळजवळ मिटलेले. द चं पोट सुजलेलं. भ च्या गाठीत मात्र पांढरी फट दिसत होती. ती शाई न लागल्यामुळे राहिली असणार असं समजून मी ती नीट बुजवून टाकली. तीन आठवडे गेले. खूण करायला पेन उघडलं, सुभेदारांना बोलावलं.

त्यांनी पान बघितलं. "पत्रिकंगत दिसतंय," म्हणाले. मग पान परत देत, "पण वाचाय येत न्हाई."

म्हणून सांगलीची बस. छापखाना कधीच बंद झाला होता. त्या जागी मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान आहे. पण दुकानदाराने मलाप्पाअण्णांचं घर दाखवलं. अण्णा दारात खुर्ची टाकून बसले होते, बनियनवर स्वेटर, त्या उन्हात. मी माझी छापील पानं त्यांच्या हातात दिली आणि मोठ्या अभिमानाने सांगितलं की हे तुमच्या छापखान्याचंच अक्षर आहे.

अण्णांनी पानावरून अंगठा फिरवला. मग हसायला लागले. हसता हसता खोकला आला, शैला पाणी घेऊन धावली.

"ताई, ह्यो ळ कुठनं घेतला?"

"तुमच्याच पत्रिकेतून."

"कवाची पत्रिका?"

"फाल्गुनातली."

"मग बरोबर हाय की वो! फागणातला ळ घेतलाय तुमी!" आणि ते सुनेकडे वळून म्हणाले, "शैला, बघ गं, सातारच्या ताईंनी झीज काढून आणलीया."

मग त्यांनी कॉटखालून केस, म्हणजे खिळ्यांची पेटी, ओढली. लाकडी, लहान लहान खणांची. छापखाना मोडला तेव्हा बाकीचं शिसं वजनावर गेलं, एवढी एक त्यांनी मागून आणली होती. एकेका खणात एकेका अक्षराचे खिळे. अण्णांनी मला समजावलं ते असं : सांगलीत हंगाम आला की छापायचं काय? हळदीच्या पोत्यांची लेबलं. गुळाच्या ढेपांची लेबलं. आडत्यांच्या पावत्या, सौद्यांची पत्रकं. हळद, गूळ, हळद, गूळ, पहाटेपासून संध्याकाळपर्यंत. छापून झालं की खिळे परत आपापल्या घरात टाकायचे, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा ळ चाच खण रिकामा व्हायचा. बाकीची अक्षरं वर्षाला म्हातारी व्हायची, ळ महिन्यात. दाबाने त्याच्या कडा बसायच्या, डोळे मिटायचे. आणि नेमक्या त्याच दिवसांत लग्नपत्रिकांची गर्दी.

"हात करा फुडं," अण्णा म्हणाले.

त्यांनी माझ्या तळहातावर दोन खिळे ठेवले. एक खणातला. दुसरा कागदाच्या पुडीतला, हंगाम संपल्यावर आलेल्या जादा मालातला, कधीच न वापरलेला.

"ह्यो कोरा. आणि ह्यो हळद खाल्लेला."

दोन्ही उलटे होते, खिळे असतातच. तरी मला दिसलं. कोऱ्या ळ चे दोन्ही डोळे टक्क उघडे होते. रेघ जिथे वळत होती तिथे बारीक होत होती, बोरू फिरवल्यासारखी. बोटाला कडा लागत होत्या. शेजारचा हळद खाल्लेला साबणाच्या चिपेसारखा गुळगुळीत. मी तीन आठवडे खपून या चिपेची नक्कल केली होती. अण्णांनी सांगितलं, वळण म्हणजे अक्षराचा मूळ ठसा कापणाऱ्याने मनात धरलं ते, आणि झीज म्हणजे यंत्राने खाल्लं ते.

त्या दोन खिळ्यांचं वजन अजून माझ्या हाताला आठवतं. अंगठ्याच्या नखाएवढे, पण हाताला जड. पडद्यावर मी रोज शेकडो अक्षरं इकडून तिकडे सरकवते. त्यांना वजन नसतं, म्हणून त्यांच्याशी मी कशीही वागते. एका कळीसरशी ताणते, फुगवते, तिरपी करते. शिशाच्या अक्षराला असं करता यायचं नाही. त्याचं काय करायचं ते कापणाऱ्याला आधीच ठरवावं लागायचं.

भ च्या फटीबद्दल मी सांगितलं तेव्हा अण्णा हसले नाहीत. चष्मा पुसला.

"ती बुजवली तुमी? आवं, तीच तर कामाची. त्या टायमाचा कागद कसा, सोकणारा. शाई पसरती. कापणाऱ्याला ठावं हाय ना पसरती म्हणून. मग त्यानं पांढरं जादाचं सोडलंय. गाठीत, पोटात, कोपऱ्यात. शाई पसरून पसरून पसरंल, तरी मधी पांढरं राहतंयच."

मग त्यांनी विचारलं हे सगळं कुणासाठी चाललंय. मी सुभेदारांचे डोळे सांगितले. अण्णा म्हणाले, "म्हणजे त्यांच्या डोळ्यातबी शाईच पसरायलीया की."

माझी दोन महिन्यांची डोकेफोड त्या एका वाक्याने जागेवर आली. जुन्या कापणाऱ्याने वाईट कागदासाठी जी सोय केली होती, ती थकलेल्या डोळ्यासाठीही सोयच होती. मी अक्षर जाड करून पांढरं खात होते. करायचं होतं उलट. अण्णांनी आणखीही सांगितलं : दोन ओळींमध्ये शिशाची पट्टी घालतात, साध्या कामाला एक, पत्रिकेला दोन. का, तर पत्रिका आली की घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस ती आधी हातात घेतं. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. सांगली भागातल्या जुळाऱ्यांना तो माहीत होता, आणि आम्हा संगणकवाल्यांकडे तो आला नाही, कारण पट्ट्या आल्याच नाहीत. आमच्याकडे ओळींमधल्या अंतराचा आकडा आला. तो आपोआप बसतो, आणि मी तो कधी बदलला नव्हता.

मार्च, एप्रिल, मे. खिडकीबाहेर अजिंक्यतारा भाजून तपकिरी झालेला, आत पंखा, आणि पडद्यावर पांढरं. त्या उन्हाळ्यात मी काळं काढलंच नाही, फक्त पांढरं काढलं. भ ची गाठ उघडली. घ चं डोकं ध पासून लांब नेलं. ळ ला दोन्ही डोळे परत दिले. दर पंधरा दिवसांनी नमुने घेऊन सांगलीला जायची. अण्णा पान उलटं धरून बघायचे. उलटं धरलं की अर्थ मधे येत नाही, म्हणायचे, नुसता आकार दिसतो. एकदा 'ण' बघून म्हणाले, "ह्येचा पाय मोडलाय." खरंच मोडला होता, केसाएवढा.

जूनमध्ये पहिला फर्मा छापला. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घड्या घातलेली सोळा पानं. पूर्वी पुस्तक असंच सोळा सोळा पानांनी पुढे सरकायचं. हल्ली आम्ही सगळं एकदम पाठवतो. पण सुभेदारांचं पुस्तक मी जुन्या पद्धतीने करायचं ठरवलं. एक फर्मा द्यायचा, त्यांनी वाचायचा, कुठे अडलं ते विचारायचं, त्याप्रमाणे पुढचा. नजर बदलेल तसं पानही बदलेल.

तो पहिला फर्मा घेऊन मी त्यांच्या घरी गेले. काकू घेवडा मोडत बसल्या होत्या. सुभेदारांनी खुर्ची उजेडाकडे फिरवली, पान लांब धरलं. ओठ हलले. मग आवाज आला, परेडवर असल्यासारखा खणखणीत.

"हळू की," काकू म्हणाल्या. "मी हितंच हाय. न्हाई गेले काश्मीरला."

आवाज खाली आला. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. नजर परत फिरली आणि तिसरी बरोबर सापडली. काकूंचा घेवड्यावरचा हात थांबला. पुढचं मला पाठ होतं, मीच टाइप केलं होतं. तरी मी चपला घातल्या आणि बाहेर येऊन गोठ्यापाशी उभी राहिले. म्हशीने माझ्याकडे बघितलं. आतून फक्त आवाजाचा चढ-उतार ऐकू येत होता, शब्द नाहीत. बराच वेळ. मग काकूंचं हसणं. त्या हसतात हे मला तोवर माहीत नव्हतं. वहीत त्या दिवसापुढे मी दोन खुणा केल्या.

आजवर आठ फर्मे झाले. पाचव्याच्या वेळी सुभेदारांनी ओळींत आणखी अंतर मागितलं, ते दिलं. सातव्याला अक्षर जरा वाढवलं. त्यामुळे हे पुस्तक सुरुवातीला दाट आणि पुढे विरळ होत जाईल. माझ्या ओळखीच्या एका मुद्रकाने ते बघून नाक मुरडलं. सगळी पानं एकसारखी हवीत, म्हणाला. तो चूक नाही. पण फर्मा हातात आला की रोज चार पानं वाचली जातात आणि त्यावर तासभर बोलणं होतं असं काकू सांगतात.

आणि आज ती सगळी मंडळी या खोलीत. सुभेदारांना पत्रिका जुळवणारा माणूस बघायचा होता. अण्णांना, खरं सांगायचं तर, ती पत्रिका आठवली नाही. हंगामात शेकडो केल्या. पण त्यांनी ती नाकाजवळ नेली आणि 'मंडळी'तल्या ळ वर नख ठेवलं.

"ह्यो वाकडा बसलाय. माझाच हाय. ळ सरलेलं, तवा मोडका घातलेला."

"त्रेपन्न वरसं संसार सरळ चाललाय," सुभेदार म्हणाले, "तुमच्या मोडक्या ळ वर."

"सरळ?" काकू म्हणाल्या. "इच्यारा मला!"

हसणं ओसरल्यावर मी कामाकडे वळले. नववा फर्मा, शेवटचा. वह्यांतला मजकूर अकरा पानांत संपतो. पाच पानं कोरी राहतात. काय करायचं? दोन प्रकरणं आवळली तर आठ पानांत बसवता येईल, अर्धाच फर्मा होईल. मी तसा हिशोब मांडूनही आणला होता.

"कोरी ऱ्हाऊ द्या," काकू म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांनी पदर सारखा केला. "ह्येंनी चोवीस वरसांचं सांगितलं. मी बी तवा पत्रं धाडलीच की. मी सांगायची येक, मास्तर लिवायचा 'इकडील सर्व खुशाल'. खुशाल काय हुतं ते मला ठावं."

"मग तुम्ही सांगा, मी टाइप करते," मी लगेच पेन उघडलं.

"म्हंजी तुमी वाचणार."

पेन बंद केलं.

सुभेदार घसा साफ करत म्हणाले, "तू मला सांग. मी लिव्हतो. लिवाय डोळं कमी लागत्यात, हाताला वाट ठावं असती. ओळीवर ऱ्हायलं म्हंजी झालं."

तेव्हा अण्णा उठले. केसच्या कोपऱ्यातून त्यांनी पितळेच्या लांब पट्ट्या काढल्या, पावतीवर रेघा छापायला वापरायचे त्या. काळ्या पडलेल्या, पण सरळ. त्या पाच पानांत अक्षर घालायचं नाही, नुसत्या रेघा घालायच्या, जाड, लांबून दिसतील अशा. त्या अण्णा हाताने जुळवतील, मी त्यांचा ठसा घेऊन फर्म्यात बसवेन. पुस्तक बांधून झालं की सुभेदार त्या एकाच प्रतीत स्वतः लिहितील. ती पानं माझ्या पडद्यावर कधी येणारच नाहीत.

"दोन रेघांत अंतर किती?" अण्णांनी विचारलं.

ते सुभेदारांच्या हातावर अवलंबून. आता त्यांचं अक्षर केवढं पडतं, ते बघितल्याशिवाय ठरत नाही. मी वहीचं कोरं पान आणि जाड पेन त्यांच्यापुढे ठेवलं, पट्टी काढली, आणि काकूंना म्हटलं, "काकू, एक ओळ सांगा. कुठलीही. फक्त मोजायला."

काकूंनी एकदा अण्णांकडे बघितलं, एकदा शैलाकडे, एकदा माझ्याकडे.

"एवढ्या माणसांत?"

सुभेदारांनी ते पान चार घड्या करून खिशात ठेवलं.

साडेपाचच्या बसने आम्ही निघालो. ती दोघं माझ्या पुढच्या सीटवर, रुमालात हळद. काकू त्यांच्या कानाशी काहीतरी बोलत होत्या. खिशातलं पान बाहेर आलं नव्हतं. मांडीवर वही घेऊन मी यादी पुरी केली : नववा फर्मा, अकरा पानं, अक्षर तयार, खूण. पितळी पट्ट्या मिळाल्या, खूण. दोन रेघांमधलं अंतर, काकूंच्या पहिल्या ओळीवरून : बाकी.